पाणी न लागणारी बाग

ईस्टर आठवड्यावर आला होता. शेजारच्या बाईंना नातीसाठी फुलं घ्यायची होती, चष्मा घरी राहिला होता, म्हणून चिठ्ठ्या वाचायला मी सोबत गेले. इथे इंग्लंडमध्ये आमच्या हाय स्ट्रीटवरच्या फुलांच्या दुकानानं यंदा खिडकीत गोष्टीची पुस्तकं मांडली होती. म्हणजे पुस्तकं नव्हेत, पुस्तकांच्या नावांचे गुच्छ. निळ्या जाकिटातला ससा, म्हणजे पीटर रॅबिट, आणि त्याच्या टोपलीत प्रिमरोझची कुंडी. चहाच्या कपात खोचलेले लाल-पांढरे गुलाब आणि कपाला टेकवलेली ‘ॲलिस इन वंडरलँड’मधली बदामाची राणी. आणि मधोमध, सगळ्यांत महाग, काचेच्या घुमटाखाली एक अख्खी बाग: शेवाळ, वेलीत दडलेलं बोटभर दार, दारापाशी गंजल्यासारखी रंगवलेली किल्ली, भोवती फिक्या गुलाबी रंगाचे गुलाब. गुलाब खरे, पण ग्लिसरीनमध्ये मुरवून टिकवलेले. खालच्या चिठ्ठीवर वळणदार अक्षरांत ‘सीक्रेट गार्डन’, आणि त्याखाली बारीक छापात: पाणी नको, ऊन नको, देखभाल नको. बाईंनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. त्यांची नात सात वर्षांची, आणि तिच्या हातात आलेलं रोप आठवडाभर टिकत नाही अशी तिची ख्याती. “म्हणजे हे तिला मारताच येणार नाही,” बाई खूश होऊन म्हणाल्या आणि पर्स उघडली.

देखभाल नको. आणि नाव त्या पुस्तकाचं!

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांचं ‘द सीक्रेट गार्डन’ 1911 साली पुस्तकरूपात आलं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात एक बाग आहे, आणि ती गोष्ट जिथे घडते त्या इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये नाही, आपल्याकडे आहे. पटकीची साथ आलेली, बंगल्यात नोकरांची कुजबुज, आया सकाळपासून दिसलेली नाही, आणि मेरी नावाची किरकिरी, पिवळट चेहऱ्याची मुलगी व्हरांड्याजवळच्या झाडाखाली एकटीच खेळतेय. मातीचे छोटे ढीग करायचे आणि त्यांत जास्वंदीची लालभडक फुलं खोचायची. झाली बाग! लहानपणी हे वाचताना मला त्या मुलीचा रागच आला होता. एकतर हिंदुस्थानातलं सगळं मरगळलेलं, आजारी, आणि इंग्लंडचा वारा लागला की गालांवर लाली येते, हा त्या पुस्तकाचा सूर तेव्हाही टोचायचा, आजही टोचतो. आणि दुसरं म्हणजे जास्वंद! फुलाऐवजी तिनं एक फांदी खोचली असती तर पावसाळ्यात ती जगलीसुद्धा असती. हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगणारा माळी त्या बंगल्यात नक्की असणार, पण बर्नेटबाईंना तो दिसला नाही. त्यांना माळी दिसतात ते थेट यॉर्कशरला गेल्यावर.

पण एवढा राग धरूनही मान्य करावं लागतं की ती जास्वंद तिथे उगाच नाही. तयार फूल आणून मातीत खोचणं म्हणजे बाग, अशी मेरीची समजूत असते, आणि पुढचं सगळं पुस्तक ती समजूत मोडण्यात जातं. पुढे यॉर्कशरमधल्या नातेवाइकाच्या वाड्यावरच्या, दहा वर्षं कुलूपबंद असलेल्या बागेत ती शिरते तेव्हा तिला गुलाब दिसतच नाहीत. दिसतात त्या करड्या, वाळक्या फांद्या, झाडाझाडांवर जाळ्यासारख्या लोंबणाऱ्या. सगळं मेलंय की जिवंत आहे, तेही तिला कळत नाही. मग जमिनीतून वर आलेली हिरवी टोकं दिसतात आणि गवतात त्यांचा जीव गुदमरतोय असं वाटून ती एका टोकदार काटकीनं भोवतालचं गवत उपटत बसते. वाड्यावरच्या मोलकरणीचा, मार्थाचा, भाऊ डिकन येतो तो खिशातला चाकू काढून एक वाळकी फांदी कापतो आणि आतला ओलसर हिरवा भाग तिला दाखवतो. पुस्तकातला सर्वांत मोठा चमत्कार एवढाच. बाग सापडल्यावर मेरीला हवं असतं काय, तर फावडं. मार्था सांगते की गावातल्या दुकानात फावडं, दाताळं आणि काट्याचा छोटा संच दोन शिलिंगांना मिळतो आणि फुलांच्या बियांचं पाकीट एका पेनीला. मग डिकनला पत्र जातं, सामान येतं. पुस्तकांमधल्या फुलांच्या भेटी मी आठवून पाहते तेव्हा ही भेट मला सगळ्यांत आवडते, आणि तिच्यात फूल एकही नाही.

आता त्या घुमटाकडे पाहिलं तर तो मेरीच्या बागेचा आहे, पण पहिल्या प्रकरणातल्या. जास्वंदीच्या जागी गुलाब, बाकी तेच.

हे मी बाईंना दुकानात बोलून दाखवलं नाही. काय बोलणार? ईस्टरच्या फुलांत ‘आपोआप’ असं काहीच नसतं, आणि दुकानदार ते माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. ईस्टर लिलीचंच बघा. पांढरी, कर्ण्यासारखी, येशूच्या पुनरुत्थानाची खूण म्हणून वेदीपाशी ओळीनं मांडली जाणारी ही लिली मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांची आणि तैवानची. जमिनीत तिच्या मनानं वाढू दिली तर ती फुलते उन्हाळ्यात. ईस्टर येतो वसंतात, आणि तोही एका जागी थांबत नाही. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा हिशेब. म्हणजे 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कधीही. 2024 मध्ये तो 31 मार्चला होता, 2025 मध्ये 20 एप्रिलला. झाडाला हे कोण सांगणार? कुंडीतली ईस्टर लिली हा मुख्यतः अमेरिकेतला रिवाज, आणि तिथले बागाईतदार आधी कंदांना आठवडेच्या आठवडे थंडीत ठेवून हिवाळा झाल्याचं पटवतात. मग काचघरात रोप वर आलं की त्याची पानं मोजतात. खरोखर एकेक पान! किती उलगडली, शेंड्यात अजून किती दडलेली आहेत, रोज किती वेगानं उलगडताहेत, त्यावरून तापमान वाढवायचं की उतरवायचं ते ठरतं. रविवार चुकला तर माल कवडीमोल. सोमवारी ईस्टर लिली कोण घेतो?

तिचा इतिहासही असाच वळणावळणाचा. 1919 मध्ये लुई हॉटन नावाच्या सैनिकानं सुटकेसभर कंद ओरेगनच्या किनाऱ्यावर आणून मित्रांना आणि शेजाऱ्यांना वाटले. व्यापारी माल मात्र जपानहूनच यायचा, तो 1941 मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर बंद पडला, आणि हौसेनं वाटलेल्या त्या कंदांना एकदम सोन्याचा भाव आला. आजही कॅलिफोर्निया आणि ओरेगनच्या सीमेवरचा तो छोटासा पट्टाच कुंडीतल्या लिलीसाठी बहुतेक सगळे कंद पिकवतो. मला या गोष्टीत गंमत वाटते ती हॉटनच्या सुटकेसची. मातीनं बरबटलेले कांदे मित्रांना भेट द्यायला आणणारा माणूस! घेणाऱ्यांनी काय चेहरे केले असतील!

इथे इंग्लंडमध्ये लिली कापलेली येते, कळ्या मिटलेल्या. चर्चच्या दाराशी एक वही असते, गेलेल्या माणसाचं नाव त्यात लिहायचं आणि लिलीसाठी पैसे ठेवायचे. रविवारी सगळी नावं फुलांबरोबर. फुलं लावणाऱ्या बायका प्रत्येक फुलातले केशरी परागकोश बोटांनी खुडून टाकतात, कारण तो पराग कपड्याला लागला की जाता जात नाही. आणि फूलही जास्त टिकतं. त्यांच्या बोटांची टोकं दिवसभर हळद लागल्यासारखी असतात. आणि हो, मांजर. लिली मांजराला घातक, फूल, पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा, मूत्रपिंडं निकामी होतात. त्या खिडकीत लिलीच्याही एका गुच्छाला पुस्तकाचं लेबल होतं, आणि लेबलावर कोण, तर ‘ॲलिस’मधलं हसरं मांजर. असे दात विचकून हसत होतं की वाटलं त्याला सगळं ठाऊक आहे.

‘ॲलिस’च्या नावानं फुलं विकणाऱ्यांचं मला त्यातल्या त्यात कमी वावडं आहे, कारण ल्युइस कॅरलनं 1865 सालीच फुलांच्या धंद्याचं पितळ उघडं पाडून ठेवलंय. राणीनं लाल गुलाब लावायला सांगितले, माळ्यांनी चुकून पांढरे लावले, आणि आता मान वाचवण्यासाठी ते ब्रश घेऊन एकेक फूल रंगवताहेत, एकमेकांवर रंग उडवल्यावरून भांडताहेत. निळे गुलाब, इंद्रधनुषी गुलाब रंगाच्या पाण्यात दांडे बुडवून बनतात ते बघितलं की मला ते तीन माळी, म्हणजे खेळातले पत्तेच, आठवतात, दुर्री, पंजी आणि सत्ती. राणी त्यांची डोकी उडवा म्हणते तेव्हा ॲलिस त्यांना जवळच्या एका मोठ्या कुंडीत लपवते. फुलझाडाच्या जागी माळी! असा काही नमुना कुणी विकायला ठेवला तर मी रांगेत पहिली उभी राहीन.

कॅरल धर्माच्या बाबतीत हळवा होता, हे त्याच्या दुसऱ्या पुस्तकातल्या बोलक्या फुलांच्या बागेवरून कळतं. 1871 च्या त्या पुस्तकात ॲलिसशी बोलते ती टायगर लिली. आधी तिथे पॅशन फ्लॉवर होतं, आपलं कृष्णकमळ. त्या फुलाचं इंग्रजी नाव मनाच्या आवेगावरून नव्हे, येशूच्या यातनांवरून आलेलं आहे, हे समजल्यावर कॅरलनं ते काढून टाकलं. कृष्णकमळाच्या तंतूंच्या कड्यात स्पॅनिश धर्मप्रचारकांना काट्यांचा मुकुट दिसला होता, मधल्या तीन दांड्यांत खिळे. गुड फ्रायडे ज्या फुलात भरलाय ते फूल फटकळ विनोद करताना त्याला नको होतं. आणि तोच माणूस 1876 मध्ये ॲलिसवर प्रेम करणाऱ्या प्रत्येक मुलासाठी ईस्टरचं एक पत्र छापून आपल्या नव्या पुस्तकात घालून देतो, आणि त्यात, अशा हसण्याखेळण्याच्या पुस्तकात गंभीर बोलल्याबद्दल जवळजवळ माफी मागतो. मरणाची आठवण आणि पक्ष्यांचा किलबिलाट एकाच पत्रात. ईस्टरच्या दुकानी भेटीत मला हेच सापडत नाही. त्यांत वसंत असतो, पण त्याच्या आधीचा शुक्रवार गायब असतो.

तो शुक्रवार ऑस्कर वाइल्डनं एका परीकथेत ठेवलाय. 1888 सालची स्वार्थी राक्षसाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बागेभोवती भिंत, मुलांना बंदी, वसंत रुसलेला. पण शेवट कितीजणांना आठवतो? ज्या लहानग्याला राक्षसानं झाडावर चढवलेलं असतं, तो वर्षांनी परत येतो तेव्हा त्याच्या तळहातांवर आणि पावलांवर खिळ्यांच्या जखमा असतात. दुपारी मुलं येतात तर राक्षस झाडाखाली मरून पडलाय, अंगभर पांढरा मोहोर. त्या मोहोराचं कुणी खोकं बनवलेलं माझ्या पाहण्यात नाही. बनवूही नये.

मला विचाराल तर गोष्टीच्या सगळ्यांत जवळची फुलं चर्चच्या हॉलमध्ये असतात आणि ती कुणी विकत नाही. मी चर्चची नाही, पण कपबशा धुवायला जाते. पवित्र आठवड्यात मुलं तिथे ईस्टरची बाग बनवतात. एक पसरट ट्रे, त्यात माती, स्मशानाच्या भिंतीवरून खरवडून आणलेलं शेवाळ. कुंडी आडवी पुरली की थडगं, तोंडाशी एक गोल दगड. डहाळ्या लोकरीनं बांधून टेकडीवर तीन क्रूस. बाटल्यांच्या झाकणांत पाणी घालून ती शेवाळात दाबतात आणि त्यांत प्रिमरोझ आणि हाताला लागेल ते रानफूल. अगदी आपल्या दिवाळीच्या किल्ल्यासारखं, तीच चिखलाची भांडणं, कुणाचा डोंगर कुणी मोडला त्याची तीच रडारड. दगड शुक्रवारी तोंडावर असतो, रविवारी सकाळी बाजूला. यंदा एका मुलानं थडग्याशेजारी हातगाडी ढकलणारा प्लास्टिकचा शेतकरी ठेवला. मदतनीस बाईंनी तो उचलला, मुलानं परत ठेवला, असं बराच वेळ चाललं. शेवटी धर्मगुरू बाई आल्या, त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “राहू दे त्याला. मेरीला तो माळीच वाटला होता.” योहानाच्या शुभवर्तमानात ते तसंच आहे. येशूला क्रूसावर दिलं त्या जागेजवळ एक बाग होती, तिथेच नवं थडगं. पहाटे मेरी मग्दालिया रडत उभी असते, समोर उभ्या असलेल्या येशूला ओळखत नाही आणि त्याला बागेचा माळी समजते. मी कपबशा विसरून त्या प्लास्टिकच्या माणसाकडे बघत राहिले. खांद्यावरचा रंग उडालेला, हातगाडीचं चाक तुटलेलं.

ती प्रिमरोझ रविवार दुपारपर्यंतच मान टाकतात. मुलांना त्याचं काही नसतं.

उरला ससा. हल्ली ईस्टर म्हणजे ससा आणि ससा म्हणजे पीटर, एवढं घट्ट झालंय की ही दोन वेगळी घराणी आहेत हे विसरायला होतं. ईस्टरचा ससा जर्मन, आणि खरं तर रानससा. 1682 मध्ये गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या डॉक्टरानं त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय: तो बागेतल्या गवताझुडपांत अंडी दडवतो आणि मुलं ती शोधतात. डॉक्टरच तो, अंडी जास्त खाल्ल्यानं होणारा त्रासही त्यानं नोंदवलाय. पीटर इंग्रज, अंड्यांशी संबंध शून्य. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांनी 4 सप्टेंबर 1893 ला आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला चित्रांसकट पत्र लिहिलं त्यात तो जन्मला. डिसेंबर 1901 मध्ये पॉटरबाईंनी पदरचे पैसे घालून 250 प्रती काढल्या आणि पुढच्या वर्षी प्रकाशक मिळाला. दोघांत साम्य शोधायचंच तर पोटाच्या तक्रारीचं. लेट्यूस, घेवडा, मुळे असं हादडून पीटरलाही कसंतरी होतं आणि तो पार्सली शोधायला निघतो.

फुलं त्या पुस्तकात जवळपास नाहीतच. ती भाज्यांची वाडी आहे, आणि मालक माणूस दाताळं घेऊन मागे धावणारा. खिडकीतून उडी मारताना पीटर तीन कुंड्या उलथवतो, चित्रात त्यांत जिरेनियम दिसतात. आणि शेवटी आई त्याला कॅमोमाइलचा चहा करून देते, झोपताना एक मोठा चमचा. कॅमोमाइल हे फूलच. म्हणजे पीटर रॅबिटला मिळालेली फुलांची एकमेव भेट ही, आणि बहिणी शेजारी बसून दूध-पाव आणि ब्लॅकबेरी खात असताना ती नाक मुरडत गिळायची. निळ्या जाकिटातल्या सशाबरोबर कॅमोमाइलच्या बियांचं पाकीट आणि एक चमचा, असं खोकं कुणी का काढत नाही? आयांच्या पसंतीस उतरेल.

पॉटरबाईंनी 1905 मध्ये लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिल टॉप हे शेतघर घेतलं आणि बाग मांडायला घेतली. गावातल्या बायका रोपं आणून द्यायच्या, कुणी कंद, कुणी मुळासकट उपटलेले गड्डे. एका शेजारणीनं सॅक्सिफ्रेज नावाचं फुलझाड आणून दिलं, प्रेमानं पण अगदी नको त्या वेळी, आणि मग दिवसभर लागवड करत बसावं लागलं, अशी कुरकुर त्यांनी पत्रात केलीय. त्याच पत्रव्यवहारात आणखी एक कबुली आहे. कुणाच्या तरी बागेतल्या कचऱ्याच्या ढिगात जाळण्यासाठी टाकलेली ऑनेस्टी नावाच्या फुलझाडाची रोपं त्यांनी चोरून आणली. चोरून हा शब्द त्यांचाच. पीटर कुणावर गेला ते कळलं.